चेहरा पुसलेला माणूस

नोनाघेरी,
८ नोव्हेंबर

बौदी,

नमस्कार घे आणि आधी हे सांग, पत्र दादाच्या हाती लागलं नाही ना? फोनवर लिहिलं असतं, पण तुझा फोन तुझ्याआधी दादा वाचतो. बोलायचं म्हटलं तर तुझ्या माहेरच्या ह्या बेटावर आवाज नीट येतो तो फक्त बांधावर, आणि तिथे अर्धं गाव कान टवकारून बसलेलं असतं. म्हणून हा जुना मार्ग. होडीवाले हारुकाका पलीकडच्या पोस्टात टाकतील.

तुझ्या आईकडे मी मजेत आहे. माऐमाने मला खाऊ घालून घालून मे महिन्यापर्यंत दारातून आत-बाहेर करता येऊ नये असं ठरवलेलं दिसतंय. तुझ्या भावाचं मात्र काय बिनसलंय कळत नाही. मी दुर्गापूजेच्या सुट्टीहून परत आल्यापासून नितायदाने होडीला हात लावलेला नाही. जाळं मांडीवर घेऊन ओसरीवर बसतो आणि एक गाठ मारत नाही. परवा शेळी शिंकली, तर हा ताडकन उठून भिंतीला टेकला. मी हसले, तर माऐमा माझ्यावरच ओरडली.

आता शाळेची गंमत ऐक. शहरातल्या एका संस्थेने आम्हाला प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि पुठ्ठ्याचे चार चश्मे दिलेत. फोनच्या नकाशात गावाचं नाव घातलं आणि फोन चश्म्यात बसवला की जिकडे मान वळवावी तिकडे ते गाव. वर बघ, खाली बघ, मागे बघ. चश्मे पुरत नाहीत म्हणून तोच नकाशा भिंतभर लावते (नेट रांगत का होईना, शाळेपर्यंत पोहोचतं), खिडक्यांना गोणपाट बांधते आणि तिसरी-चौथीची पोरं घेऊन सहलीला निघते. आगगाडी न पाहिलेली ही पोरं मागच्या आठवड्यात दार्जिलिंगला जाऊन आली. एकाने दरीत वाकून पाहिलं आणि किंचाळत माझ्या साडीला लटकला. साडीच्या निऱ्या सुटल्या, वर्ग हसून लोळला.

मग पोरंच म्हणाली, “दिदिमणी, आता बाबांकडे न्या.” निम्म्यांचे बाप बाहेर. कुणी चेन्नईला विटा वाहतोय, कुणी अंदमानात रंग देतोय. म्हटलं, चला, ह्या आठवड्यात बाबांच्या गावची सहल! घरून जागेचं नाव विचारून या. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की काही विचारू नकोस.

खगेन मृधाची टगर तुला आठवते? तुझ्या लग्नात ती पाळण्यात असेल. आता तिसरीत आहे आणि तोंडाला कुलूप नाही. तिचा बाप विजयादशमी झाल्यावर केरळला गेला म्हणे. केरळात कुठे, ते आईला सांगता येईना. मग बांधावर कुणीतरी तिला पेरुंबावूर सांगितलं, कारण इथले पुष्कळ जण तिथल्या प्लायवूडच्या कारखान्यात आहेत.

तर भिंतीवर पेरुंबावूरचा बस स्टँड आणला. ह्या चित्रातली माणसं हलत नाहीत, आणि नकाशाच्या कंपनीने त्यांचे चेहरे पुसून टाकलेले असतात. चहाच्या टपरीशी एक माणूस उकिडवा बसला होता. निळी चौकड्यांची लुंगी, खांद्यावर लाल गमछा, चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर डाग. टगर उठून धावली आणि भिंतीला चिकटली. “बाबा! दिदिमणी, हा बाबा! बाबा अस्साच बसतो!” बाकीची पोरंही “खगेनकाका, खगेनकाका” करून नाचायला लागली. मी काय करणार? म्हटलं, असेल गं.

काल तिची आई आली. मालोती. वर्गात आली नाही, दारातच उभी राहिली. विचारते, “तुमचं यंत्र खरं दाखवतं का?” म्हटलं, फोटोच आहेत ते, खोटं कशाला दाखवतील. “जंगलपण दाखवतं?” म्हटलं, वरून दाखवतं, आतलं नाही. मग ती माझ्या मागच्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिली. बौदी, भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. भांगात सिंदूर नाही, हातात शंखाचा चुडा, शांखा, नाही, केसांच्या जटा झालेल्या. नवरा परगावी कमावतोय आणि बाई अशी? माऐमाला विचारलं, तर तिने पातेलं इतक्या जोरात आपटलं की मी गप्प बसले. तू तरी सांग.

तुझी टुकू

&nbsp;

नवद्वीप,
१४ नोव्हेंबर

नणंदबाई,

पत्र मिळालं. तुझ्या दादाने पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि “दोघींचं काय शिजतंय?” म्हणाला. म्हटलं, बोरांच्या लोणच्याची कृती मागवली होती. आता मला लोणचं घालावं लागणार, ते तुझ्यामुळे.

शहाणी ना तू? एवढी शिकलीस, पण पोरीने “बाबा” म्हटलं की “असेल गं” म्हणायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस. ती बाबांची सहल आजच्या आज बंद कर. पिरॅमिड दाखव, पेंग्विन दाखव, लंडनचा पूल दाखव. इथल्या माणसांची माणसं शोधत फिरू नकोस.

मालोतीचं विचारलंस. तू कृष्णनगरची, तुला कोण सांगणार. आमच्याकडे पुरुष जंगलात गेला की बाई तशी बसते. केस विंचरायचे नाहीत, तेल लावायचं नाही, सिंदूर-शांखा उतरवून ठेवायचा, दिवसा चूल पेटवायची नाही, दाराला कडी घालायची नाही. तो परत आला की मग न्हायचं. जणू आपण आधीच विधवा आहोत असं वागलं की तो पट्टेवाला, ज्याचं नाव आम्ही घेत नाही, तो फसतो आणि दुसरीकडे जातो. बाईने व्रतात चूक केली तर त्याचा पाय आपल्या माणसाकडे वळतो, असं माझ्या आजीपासून सगळ्या मानत आल्या. माझे बाबा जंगलात जायचे तेव्हा आईला मी अशीच पाहिलीय.

तर खगेन खेकडे धरायला गेला असेल, पास न काढता. पास न काढता गेलं की गाव केरळचं नाव सांगतं, कारण जंगलखात्याला कळलं तर होडी जप्त आणि माणूस आत. तूही केरळच म्हण. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. मालोतीला काही विचारू नकोस, टगरला काही दाखवू नकोस, आणि नितायला हसू नकोस. त्याला ताप येऊन गेलाय.

आईला म्हणावं, पाय दुखतात तर मोहरीचं तेल चोळ, माझ्यावर चिडू नको.

तुझी बौदी

&nbsp;

नोनाघेरी,
२० नोव्हेंबर

बौदी,

नितायदाला ताप आलेला नाही. त्याच घरात राहते मी, मला दिसणार नाही का? तू काहीतरी लपवते आहेस आणि इथे माझं धाबं दणाणलंय.

तुझं पत्र वाचून आधी मला बरं वाटलं होतं. चला, माणूस जंगलात आहे, येईल. मग सहज माऐमाला विचारलं, खेकड्यांना गेलेली होडी किती दिवसांनी येते? ती म्हणाली, फार तर पंधरवडा, त्यापुढे गोडं पाणी पुरत नाही. विजयादशमी होऊन काली पूजा गेली, भाऊबीज गेली, बौदी. कुठलं गोडं पाणी पितोय खगेन मृधा?

हे मी त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. पण त्याआधीच मालोती आली. शाळा सुटली होती, मी गोणपाट काढत होते. म्हणाली, “टगरला दाखवलंत तो माणूस मला दाखवा.” तू बजावलं होतंस, तरी तिचं तोंड बघून मला नाही म्हणता आलं नाही. लावलं ते चित्र. ती भिंतीजवळ गेली, त्या उकिडव्या माणसाच्या समोर तशीच उकिडवी बसली. त्याच्या पुसलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “पाठ त्याचीच आहे.” मी म्हटलं, मालोतीदी, चेहरा तर दिसत नाही. ती म्हणाली, “चेहरा परक्या माणसाला लागतो, दिदिमणी. मला पाठ पुरते.” आणि निघून गेली.

ती गेल्यावर मी कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. चित्र कधी काढलं ते तिथे लिहिलेलं असतं. ते सहा वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा खगेन इथे होता, टगर दोन वर्षांची होती.  धावत तिच्यामागे जायला हवं होतं. मी गेले नाही. मला वाटलं, उद्या सांगू, नीट समजावून सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या अंगणात उभी. न्हालेली, तेल लावून केस विंचरलेले, भांगात लालभडक सिंदूर, हातात शांखा. तिच्या घरातून तळलेल्या माशांचा वास येत होता, दिवसाढवळ्या. नितायदासमोर उभी राहिली आणि हसली. “निताय, मला काय सांगितलंस रे? काय सांगितलंस? तो तिथे चहा पीत बसलाय!” नितायदाचं तोंड राखेसारखं झालं. ती गेल्यावर तो खोलीत गेला आणि आतून कडी घातली. आज तिसरा दिवस, बोलत नाही, जेवण दाराशी ठेवलेलं तसंच राहतं. माऐमा जंगलाच्या देवीच्या, बनबीबीच्या देवळात जाऊन डोकं आपटून आली.

टगर मात्र शाळाभर नाचते आहे. आईने वेण्या घातल्यात, रिबिनी बांधल्यात. मला बघितलं की माझ्या हाताला लोंबकळते. बौदी, मला त्या पोरीचा हात धरायची भीती वाटते. निताय काय म्हणाला होता मालोतीला? ताबडतोब लिही.

टुकू

&nbsp;

नवद्वीप,
२४ नोव्हेंबर

टुकू,

हे वाच आणि चुलीत घाल.

निताय त्या होडीत होता. खगेन, निताय आणि खगेनचा मेहुणा. जिथे जायला बंदी आहे त्या भागात गेले होते, कारण उघड्या भागात आता खेकडा उरलेला नाही. बाणतला खालाच्या, त्या अरुंद खाडीच्या, तोंडाशी ओहोटीला चिखलात उतरले. निताय होडीची दोरी धरून होता. खगेन पाच-सहा हातांवर वाकून बिळात आकडा घालत होता आणि तुझ्या टगरबद्दल काहीतरी सांगत होता. वाक्य अर्धं राहिलं. निताय म्हणतो, आवाज झालाच नाही. त्याने वर पाहिलं तेव्हा चिखलात खगेन नव्हता, गरानच्या खारफुटीत काहीतरी पिवळं सरकत होतं. दोघांनी वल्ह्यांनी चिखल बडवला, ओरडले, आत गेलेसुद्धा. गमछा मिळाला. तो फांदीला बांधला, आमच्याकडे बांधतात तसा, पुढच्या होडीला कळावं म्हणून.

मालोतीला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, “आणलंत का त्याला?” नाही म्हणाले. “मग तो आलेला नाही. मी बसलेय, बसून राहीन.” आणि बसली. तिने व्रत सोडलं नाही तोवर तो जंगलात आहे, गेलेला नाही, असा तिचा हिशेब. कुणी तिला उठवायला धजलं नाही. पोरीला आणि जगाला केरळ सांगायचं असं त्या दोघांनी आणि तिने मिळून ठरवलं. आईने मला बांधावरून फोनवर तीन शब्दांत सांगितलं होतं, “खगेनला मामाने नेलं.” मामा म्हणजे तोच, ज्याचं नाव घेत नाही; बाकीचं नंतर निताय फोनवर रडत बोलला. मी तुला लपवलं, कारण तू त्याच घरात झोपतेस आणि नितायचं नाव तुझ्या तोंडून कुठे निघू नये असं वाटलं. भाऊ आहे माझा.

आता ती उठलीय, पण उठलीय ती तो जिवंत आहे म्हणून. ह्याची भीती मला त्या बसण्यापेक्षा जास्त वाटते. आशा लागलेली बाई कुणाच्याही मागे जाते. गावात दुलाल साँपुई येतो का अजून, मजूर नेणारा? त्याने गेल्या वर्षी पलीकडच्या बेटावरच्या दोन बहिणी कामाला लावतो म्हणून नेल्या. त्यांची आई अजून घाटावरच्या प्रत्येक लाँचला विचारत असते. त्याच्यावर डोळा ठेव.

बौदी

&nbsp;

नोनाघेरी,
२८ नोव्हेंबर

बौदी,

दुलाल आलाय. तुझं पत्र हातात पडायच्या आदल्या दिवशीच आला. टगरने ते निळ्या लुंगीचं, लाल गमछ्याचं गावभर सांगितलेलं आहेच, तर ह्याने मालोतीच्या ओसरीवर बसून सांगितलं, “अगं खगेन ना? मीच पाहिला त्याला टपरीवर. लुंगी निळी, गमछा लाल. लाजतो बिचारा, पैसे साठले नाहीत म्हणून फोन करत नाही. चल, नेतो. पोरीलाही घे, तिलाही तिथे काम मिळेल.” आठ वर्षांच्या पोरीला कसलं काम, असं त्या अंगणात कुणीच विचारलं नाही. मीही नाही, मी कुंपणाबाहेरच उभी राहिले.

परवा दुपारच्या भरतीला त्याची लाँच सुटणार. मालोतीने कोंबड्या विकल्या. टगरने आज वर्गात तिच्या रंगीत खडूंचे तुकडे सगळ्यांना वाटून टाकले. मला पिवळा दिला. म्हणाली, “मी आता तुमच्या चित्रात जाणार, दिदिमणी. तुम्ही लावाल तेव्हा बाबांच्या शेजारी बघा.”

मला सांगायलाच हवं. पण सांगितलं तर मीच त्याला पुन्हा मारणार, आणि वर नितायदाचं नाव चव्हाट्यावर येणार. त्याला धरून नेलं तर माऐमा माझ्याकडे कोणत्या डोळ्यांनी बघेल? आणि तू? पत्र जाऊन उत्तर यायला वेळ नाही. हे हारुकाकांकडे देते आणि बांधावर जाऊन तुला फोन लावते. दादाने उचलला तर लोणच्याचं विचारीन.

टुकू

&nbsp;

नवद्वीप,
२९ नोव्हेंबर

टुकू,

काल फोनवर “सांग” एवढंच म्हणाले आणि ठेवला, कारण तुझा दादा दारात होता. ठेवल्यावर मात्र मला रडू आलं आणि मग त्याला सगळं सांगूनच टाकलं. तो ओरडला नाही. पंख्याखाली बसून राहिला आणि म्हणाला, “टुकूला तिथे एकटीला टाकलंय आपण.”

आईला फोन केला, नितायला दे म्हटलं. आवाज तुटत होता, तरी कडीआडून त्याने ऐकलं. मी त्याला म्हटलं, तुझं नाव जाईल तर जाईल, पोर जाता कामा नये.  हे पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते, कारण बसवत नाही. 

बौदी

&nbsp;

नोनाघेरी,
४ डिसेंबर

बौदी,

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मला लिहिता येणार नाही.

लाँचच्या दिवशी सकाळी मी मालोतीकडे गेले. खोटं बोलले. म्हटलं, पेरुंबावूर मोठं आहे, स्टँडवरून टपरीपर्यंतची वाट बघून जा, परक्या गावात चुकाल. ती खूश होऊन आली. नव्या साडीत. टगरला शेजारणीकडे ठेवून आली, ते बरं केलं.

गोणपाट बांधले.  आधी मी तिला कोपऱ्यातला आकडा दाखवला. म्हटलं, मालोतीदी, हे चित्र सहा वर्षांपूर्वीचं आहे. ती म्हणाली, “आकडे माणसं लिहितात, दिदिमणी. चुकत असतील.” मी पुन्हा सांगितलं. ती हसली. “तुम्हाला पण नितायने भरवलं वाटतं.” बाहेर घाटावर दुलालची माणसं सामान चढवत होती, त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. मला वाटलं, संपलं. आता हिला कशानेच अडवता येणार नाही.

मग मी तिला जंगल दाखवायला निघाले. तो खाल दाखवावा आणि सरळ सांगावं, असं मनात होतं. केरळातून आपल्याकडे येताना नकाशा आपल्या गावावरून जातो. नदी, बांध, शाळेचं छप्पर. मी पुढे सरकवणार, एवढ्यात ती म्हणाली, “थांबा.”

थांबले.

“हे आमचं घर?”

हो म्हटलं.

“मग गोठा कसा उभा आहे?”

मला काय ठाऊक, मी जूनमध्ये आले. ती भिंतीपाशी गेली. “गोठा वादळात गेला. गायीसकट गेला. चार वर्षं झाली. दिदिमणी, जवळ घ्या.” मी चित्र जवळ घेतलं. गोठ्याशेजारी अंगणात तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. तिने त्याच्यावर बोट ठेवलं. “धौली,” म्हणाली. “मेलेली गाय उभी आहे.”

बौदी, मला कळलं होतं आणि तिला कळायला लागलं होतं, आणि त्या वेळी मला तिची इतकी भीती वाटली की दाराकडे पळून जावंसं वाटलं. ती वळली. “म्हणजे हे यंत्र गेलेल्यांनाही उभं करून दाखवतं?”

“हो.”

“तो टपरीवरचाही तसाच?”

“तो कोण आहे मला माहीत नाही, मालोतीदी. पण ते चित्र काढलं तेव्हा खगेनदा इथे होता.”

ती खाली बसली नाही, रडली नाही. पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. घराच्या छपरावर तळहात ठेवला, तर चित्र तिच्या हातावरच उमटलं, आणि तिने हात काढून घेतला, छप्पर झाकलं जाऊ नये म्हणून. मग म्हणाली, “गोठा आहे म्हणजे वादळाच्या आधीचं. तेव्हा तो घरी असायचा ह्या वेळेला. ह्याच्या खाली आहे तो. जेवून पडला असेल.”

तेवढ्यात दारातला गोणपाट हलला आणि नितायदा आत आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाठमोरीच विचारलं, “कुठला खाल?” तो म्हणाला, “बाणतला.” “खरं?” “मी दोरी धरून होतो, वहिनी. दोरी सोडून त्याचा हात धरायला हवा होता. नाही धरला. घाबरलो.” “मला दाखवा,” ती मला म्हणाली. मी नकाशा नदीपलीकडे नेला. नुसतं हिरवं, बौदी. त्यात पाण्याच्या बारीक फाटक्या रेषा. नितायदाने बोटाने जागा दाखवली. तिने नाक भिंतीला लागेपर्यंत वाकून पाहिलं. “काहीच नाही इथे.” “नाही,” तो म्हणाला.

लाँचचा भोंगा वाजला. एकदा, मग पुन्हा. दुलालचा माणूस शाळेच्या अंगणात येऊन ओरडला, “ए मृधाबौ, चल, पाणी उतरतंय!” नितायदा बाहेर गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण नंतर दुलालचाच आवाज आला, “वनखात्यात सांगू का तुझं?” आणि नितायदा म्हणाला, “सांग. मीच चाललोय सांगायला.” मग इंजिनाचा आवाज लांब लांब गेला. मी पोरांच्या बाकावर बसले. बॅटरी संपून भिंत काळी झाली तरी मालोती तिथेच उभी होती. मग पदराने भांग पुसला, शांखा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “पोरीला मी सांगते. तुम्ही नका.”

नितायदा परवा जंगलखात्याच्या ऑफिसात गेला, अजून आलेला नाही. माऐमा माझ्याशी बोलते, पण भाताच्या ताटाकडे बघून. जंगलात अजून चार होड्या आहेत, आणि दिवसा चूल न पेटवणाऱ्या बायका त्या घरांतून आहेत. मला आता नदीच्या बाजूची खिडकी उघडवत नाही.

आज टगर शाळेत आली. केस सुटे, तेल न लावलेले. मी वर्गात चश्मे बाहेर काढले नाहीत, पाढे घेतले. सुट्टी झाल्यावर सगळे गेले, ती थांबली. रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, “दिदिमणी, मग ज्याला मी हाक मारली, तो कुणाचा बाबा होता?”

म्हटलं, मला नाही माहीत गं.

ती जरा विचार करून म्हणाली, “त्याच्या पोरीला कळवाल का? तो चहा पीत बसलाय म्हणून?”

टुकू